गिरणीची जमीन आणि चाळीची खोली

लोअर परळच्या फिनिक्स गिरणीत आता सूत निघत नाही. तिथे मॉल आहे आणि त्याच्या आवारात गिरणीचे धुराडे तेवढे शोभेसाठी राखले आहे. लोअर परळहून चर्चगेटची गाडी पकडली की चौथे स्थानक चर्नी रोडचे. तिथे उतरून गिरगावातल्या एखाद्या वाडीत शिरले की दिसते ती लाकडी जिन्याची, सामायिक गॅलरीची तीन-चार मजली चाळ. तिच्या सज्जाला खालून लाकडी टेकू लावलेले असतात आणि त्या टेकूंनाच दोरी बांधून कुणी कपडे वाळत घातलेले असतात. 1980 साली या दोन भागांपैकी कोणता पुढे भरभराटीला येईल असे कुणाला विचारले असते, तर धुराने काळवंडलेल्या गिरणगावाचे, म्हणजे लोअर परळच्या गिरणी भागाचे, नाव क्वचितच कुणी घेतले असते.

शहरातली एक वस्ती वर का येते आणि शेजारची का खचते, या जुन्या प्रश्नावर 2017 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, बाल्टिमोर आणि डेट्रॉइट या पाच शहरांतल्या रस्त्यांची गूगलने 2007 आणि 2014 साली टिपलेली छायाचित्रे संशोधकांनी जोडीजोडीने संगणकाकडून तपासून घेतली. अशा जोड्या सुमारे 16 लाख होत्या. कोणता रस्ता लोकांना अधिक सुरक्षित वाटतो, हे आधी माणसांनी दिलेल्या पसंतीवरून संगणकाला शिकवले होते. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या. उच्चशिक्षितांची दाट वस्ती असलेले भाग सुधारण्याची शक्यता जास्त होती. शहराच्या व्यापारी केंद्राजवळचे किंवा चांगल्या वस्त्यांना लागून असलेले भाग सुधारले. आणि जे भाग मुळातच बरे दिसत होते, त्यांच्यात सुधारणाही अधिक झाली.

या तिन्ही कसोट्या गिरगावला लावून पाहाव्यात. फोर्ट आणि चर्चगेट हाकेच्या अंतरावर, पलीकडे मरीन ड्राइव्ह आणि मलबार हिल, वस्ती दाट, आणि शिक्षणाच्या बाबतीत तर या भागाने मराठी समाजाला कित्येक पिढ्या प्राध्यापक, वकील, डॉक्टर आणि लेखक पुरवले. छायाचित्रे पाहून भाकीत करणाऱ्या संगणकाने गिरगावला भरघोस गुण दिले असते, असे मला वाटते. मग टेकू कशामुळे लागले, याचे उत्तर छायाचित्रात दिसत नाही, ते भाडेपावतीवर सापडते.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीच्या धामधुमीत ते आवश्यकही होते, परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धे शतक टिकला. अखेर 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या भाडे गोठवणाऱ्या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. तेवढ्याने काय होते, याचा हिशेब सोपा आहे. समजा, 2000 साली एखाद्या खोलीचे भाडे 40 रुपये होते. चक्रवाढीने धरले तरी 25 वर्षांनी ते जेमतेम 107 रुपये होते. अशा तीस-चाळीस खोल्यांच्या भाड्यात चाळीचे छप्पर शाकारणे दूरच, जिन्याच्या चार पायऱ्याही बदलून होत नाहीत. भाडेकरूही खर्च करायला कचरतो, कारण त्याने पागडी, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम, मोजून खोली घेतली असली तरी कागदोपत्री भिंती मालकाच्याच असतात. ही कोंडी जुनीच, म्हणून 1969 साली सरकारने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन केले. त्या वेळी शहरात अशा उपकरप्राप्त इमारती 19,000 हून अधिक होत्या.

नील स्मिथ या भूगोलशास्त्रज्ञाने 1979 साली मांडलेली ‘रेंट गॅप’, म्हणजे भाड्याच्या दरीची कल्पना इथे उपयोगी पडते. जमिनीतून आज प्रत्यक्ष मिळणारे उत्पन्न आणि तिच्या उत्तम वापरातून मिळू शकणारे उत्पन्न यांतली तफावत वाढत गेली, की एका टप्प्यावर भांडवल त्या वस्तीकडे धाव घेते, असे त्याचे म्हणणे. गिरगावात ही दरी प्रचंड आहे. पण ती ओलांडायची तर मालक, त्याचे विखुरलेले वारस, प्रत्येक खोलीचा भाडेकरू, पोटभाडेकरू आणि तळमजल्यावरचा दुकानदार या सगळ्यांना एका कागदावर आणावे लागते. भाडेकरूंच्या संमतीची अट 70 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर आणली गेली, तरी बाहेरगावी असलेल्या, कुलूप लावलेल्या खोलीवाल्याची सही मिळवताना विकासकाची वर्षे जातात. गिरगावात टॉवर झालेच नाहीत असे नाही. पण ते इथे एक, तिथे एक असे तुटकपणे उभे राहिले.

गिरणगावात नेमके उलटे घडले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. कामगार देशोधडीला लागले, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि शहराच्या मध्यावर सुमारे 600 एकर जमीन मोजक्याच मालकांच्या हाती राहिली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे पाडायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या भूखंडापुरती उरली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली, आणि मग काचेचे मनोरे उभे राहायला वेळ लागला नाही. इथली दरी ओलांडायला शंभर सह्या लागत नव्हत्या. ज्यांच्या सह्या नैतिकदृष्ट्या लागायला हव्या होत्या, ते कामगार फाटकाबाहेर होते.

मालकी एकवटलेली असली की काय होते, याचे अधिक माणसाळलेले उदाहरण बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचे आहे. 1920 च्या दशकात बांधलेल्या या 207 चाळींची मालकी सरकारकडे. वरळीत 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर देणाऱ्या पहिल्या 556 सदनिकांच्या किल्ल्या 2025 मध्ये रहिवाशांच्या हाती पडल्या. उशीर झाला खरा, पण निर्णय घेणारा कोण, याविषयी तिथे वाद नव्हता.

‘वाढ’ हा शब्दही जपून वापरायला हवा. 2001 ते 2011 या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर घसरली, तर उपनगर जिल्ह्याची 86.40 लाखांवरून 93.57 लाखांवर गेली. याच दशकात शहरातल्या जागांचे भाव मात्र चढतच होते. दहा बाय बाराच्या खोलीत लग्न झालेल्या दुसऱ्या मुलाचे बिऱ्हाड मावत नाही, म्हणून तो बोरिवलीला किंवा डोंबिवलीला जातो. खोली मात्र तो सोडत नाही, कारण पुनर्विकासात त्याच खोलीवर हक्क सांगायचा असतो. कुलपे वाढली की वाण्याचे गिऱ्हाईक घटते, मराठी शाळेतला पट रोडावतो, आणि मागे राहिलेल्यांनाही निघावेसे वाटू लागते.

2025 च्या ऑक्टोबरपासून गिरगावात भुयारी मेट्रो धावू लागली आहे. तिने इथल्या जमिनीची संभाव्य किंमत, म्हणजे ती दरी, आणखी वाढवली असणार. स्थानकासाठी ज्या मोजक्या चाळी संपादित झाल्या, त्या एका हाती आल्या आणि त्यांच्या भाडेकरूंसाठी तिथेच नवी इमारत बांधण्याचे ठरले. त्याच रस्त्यावरच्या ज्या चाळी मेट्रोच्या नकाशाबाहेर राहिल्या, त्यांच्या मालक-भाडेकरूंचा तिढा पूर्वी होता तसाच आहे.