लोकसभेची उमेदवारी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज बाद होण्याची कारणे

लोकसभेच्या ५४३ जागा थेट मतदानाने भरल्या जातात आणि त्यांपैकी ४८ महाराष्ट्रात आहेत. निवडणूक लढवायला पक्षाचे तिकीट हवेच, असा समज अजूनही आढळतो. कायद्यात तशी अट नाही. भारताचे नागरिकत्व, छाननीच्या दिवशी वयाची २५ वर्षे पूर्ण आणि देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, या मुख्य अटी आहेत. सिक्कीम, लक्षद्वीप असे मोजके अपवाद सोडल्यास उमेदवार त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागत नाही. लातूरच्या यादीत नाव असलेली व्यक्ती पुण्यातून उभी राहू शकते, मात्र तिने मतदार यादीतील आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडली पाहिजे. राखीव जागेसाठी त्या प्रवर्गाचे जात प्रमाणपत्र लागते. सरकारच्या अखत्यारीतील लाभाचे पद, दिवाळखोरी किंवा दोन वर्षे वा अधिक शिक्षेची दोषसिद्धी यांमुळे अपात्रता येते. शिक्षेच्या बाबतीत ती सुटकेनंतरही सहा वर्षे टिकते.

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे नमुना २-अ मधील नामनिर्देशनपत्र उमेदवाराने किंवा त्याच्या सूचकाने (त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदाराने) प्रत्यक्ष दाखल करायचे असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तर अपक्षाला दहा लागतात. उमेदवार कुठलाही मतदार चालला, तरी सूचक मात्र त्याच मतदारसंघातील हवेत, त्यामुळे प्रत्येकाचा यादीभाग आणि अनुक्रमांक मूळ यादीशी ताडून पाहावा. अंगठा लावणारा सूचक असेल, तर तो ठसा अधिकाऱ्यासमोर उमटवावा लागतो. आपला अधिकृत उमेदवार कोण हे कळवणारे पक्षाचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोहोचले पाहिजेत. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, आणि पहिल्यातील चूक दुसऱ्याने सावरली जाते म्हणून एकापेक्षा जास्त भरणे शहाणपणाचे. अनामत रक्कम एकदाच द्यायची : २५,००० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना सर्वसाधारण जागेवरही १२,५०० रुपये.

सर्वांत जास्त काळजी नमुना २६ मधील शपथपत्राची घ्यावी. स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता आणि देणी, पॅन, प्राप्तिकर विवरणपत्रातील पाच वर्षांचे उत्पन्न, प्रलंबित गुन्हे, दोषसिद्धी आणि शिक्षण, हे सारे नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर लिहून द्यायचे असते. मतदाराला हे जाणून घेण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले, आणि रकाने कोरे ठेवल्यास अर्ज नाकारता येतो, हे २०१३ मध्ये स्पष्ट केले. म्हणून जिथे सांगण्यासारखे काही नाही, तिथेही ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. नुसती रेघ मारू नये.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे संविधानावरील निष्ठेची शपथ. ती अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यावी लागते. छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही. अर्ज देऊन झाला की त्याच टेबलाशी शपथ घ्यावी आणि तिची पावती मागून घ्यावी.

छाननी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी होते. नावातील किरकोळ लेखनदोषासारख्या कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ३६ सांगते, आणि आक्षेप आल्यास उमेदवाराने या कलमाचा आधार ठामपणे घ्यावा. फेटाळण्याचे कारण अधिकाऱ्यांनी लेखी नोंदवणे बंधनकारक आहे.

छाननीनंतर माघारीसाठी दोन दिवस असतात. दिलेली माघार परत घेता येत नाही, अनामत मात्र परत मिळते. रिंगणात राहिलेल्या पराभूत उमेदवाराची अनामत वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तरच वाचते.