पेशीपटलाच्या आड येणारा रस

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही अर्धवट पिकलेल्या हापूसचा गर पहिल्यांदा मिक्सरमधून काढला, तेव्हा बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) सामू, म्हणजे पीएच, साडेसातावरून बघता बघता पाचाखाली घसरला. गरातून वेगळे काढायचे होते पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा; हाती आले थंडगार पन्हे. वाशीच्या बाजारातून आणलेला डझन त्यात खर्ची पडला आणि घरी त्यावरून बरेच दिवस ऐकून घ्यावे लागले.

दोष आंब्याचा नव्हता. पिकत्या फळाच्या पेशीत बहुतेक जागा एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, अडवलेली असते. जिवंत पेशीद्रव्य भिंतीला चिकटलेल्या पातळ थरापुरते उरते. आम्ले आणि फिनॉल रिक्तिकेत कोंडलेली असतात. गर वाटला की हे सगळे एकमेकांत मिसळते. फिनॉलांचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी संयुगे बनतात, ती प्रथिनांना चिकटतात आणि जी विकरे (एन्झाइम) मोजायची तीच निकामी होतात. चिरून ठेवलेले सफरचंद लालसर पडते, त्यामागेही हेच रसायन आहे. शिवाय मेद तोडणारी विकरे पटलालाच कुरतडू लागतात ती वेगळीच.

पेशीचे घटक वेगळे करण्याची मूळ पद्धत आली प्राण्यांच्या ऊतींवरून. स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांनी 1920च्या दशकात अतिवेगवान सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून गाळ खाली बसवणारे यंत्र, बनवले. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अल्बर्ट क्लॉड यांनी पेशी फोडून तिचे घटक वेगवेगळ्या वेगांवर खाली बसवले. सर्वांत शेवटी बसणाऱ्या बारीक कणांना त्यांनी मायक्रोसोम म्हटले. हे कण म्हणजे मुख्यतः आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या) पटलाचे तुटके तुकडे, हे 1950च्या दशकात पॅलेड आणि सीकेविट्झ यांनी दाखवले. क्लॉड, पॅलेड आणि द डूव्ह यांना 1974 साली नोबेल मिळाले.

प्राण्याचे यकृत मऊ असते, त्याला पेशीभित्तिका नाही, आंबटपणाही नाही. त्यामुळे तीच कृती वनस्पतींवर उचलताना लोकांनी आधी सोपे साहित्य धरले. हॉजेस आणि सहकाऱ्यांनी 1972 साली ओटच्या मुळांतून साखरेच्या चढत्या घनतेच्या थरांवर पेशीपटल वेगळे केले आणि पोटॅशियमने चेतवला जाणारा एटीपीएझ (एटीपी हे ऊर्जेचे रसायन फोडणारे विकर) त्या पटलावर असल्याचे दाखवले. त्यातून कोणता तुकडा कुठल्या पटलाचा हे सांगणाऱ्या ओळखखुणा रुळल्या: व्हॅनेडेटने थांबणारा एटीपीएझ पेशीपटलाचा, नायट्रेटने थांबणारा रिक्तिकेच्या पटलाचा, अझाइडने थांबणारा तंतुकणिकांचा (मायटोकाँड्रियाचा). दुसरी वाट अल्बर्टसन यांची. डेक्स्ट्रान आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही दोन बहुवारिके पाण्यात एकत्र केले की त्यांचे दोन थर पडतात, आणि पेशीपटलाचे तुकडे वरच्या थरात जाणे पसंत करतात. 1980च्या दशकात स्वीडनमधल्या लुंडच्या लार्सन यांनी वनस्पतींसाठी ही रीत बसवली.

फळापर्यंत हे सगळे पोचले ते बफरमध्ये भर घालत घालत: फिनॉल शोषून घ्यायला पीव्हीपीपी, ऑक्सिडीकरण रोखायला मर्कॅप्टोइथॅनॉल, प्रथिने तोडणाऱ्या विकरांसाठी पीएमएसएफ, आणि आम्ल पचवता येईल इतका दाट बफर. यापलीकडे जादू काही नाही.

आता इथिलीन या फळे पिकवणाऱ्या वायूची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. अवतार मट्टू यांनी मोदी यांच्यासोबत बडोद्याहून 1969 साली आंबा पिकणे आणि इथिलीन यांवर लिहिले होते. 1977मध्ये लीबरमन यांच्याबरोबर सफरचंदावर काम करताना त्यांचा निष्कर्ष निघाला, की इथिलीन बनवणारी यंत्रणा पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांच्या जोडावर आहे. 1979मध्ये ॲडम्स आणि यांग यांनी इथिलीन ज्यापासून बनते ते आधीच्या पायरीवरचे संयुग, एसीसी, शोधून काढले. पण एसीसीचे इथिलीन करणारे विकर हाती लागेना. पेशी फोडली की त्याचे काम बंद. अखंड पटल असल्याशिवाय ते चालत नाही, असेच सगळे धरून चालले होते.

1990मध्ये नॉटिंगहॅमच्या ग्रियरसन यांच्या गटाने टोमॅटोतले त्याचे जनुक ओळखले. त्याची रचना लोह आणि ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व) लागणाऱ्या एका विकराशी जुळणारी होती. पुढच्याच वर्षी व्हर्व्हेरिडिस आणि जॉन यांनी खरबुजाचा गर वाटून त्यात हेच दोन पदार्थ घातले आणि विकर चालू लागले, तेही पटलाशिवाय, द्रावणात. म्हणजे बरीच वर्षे दोष पटल तुटण्यावर टाकला जात होता, आणि बफरमध्ये चिमूटभर लोह आणि क जीवनसत्त्व कमी होते.

वाशीच्या घाऊक बाजारात हा वाद कोणी ऐकला नसेल, पण त्याचा धागा तिथल्या पिकवणीच्या खोल्यांपर्यंत जातो. कार्बाइडवर बंदी आहे, इथिलीन 100 पीपीएमपर्यंत चालते. पेंढ्यात अढी घालणारे शेतकरी पिकत्या आंब्याचे इथिलीन नाव न घेता कोंडून ठेवत आले आहेतच.

आमच्या दुसऱ्या प्रयत्नात बफर पाचपट दाट केला, पीव्हीपीपी घातले, गर मलमलच्या चार पदरांतून गाळला. गाळ नाकातल्या शेंबडासारखा चिकट होता आणि सेंट्रिफ्यूज जेमतेम वीस हजार जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारपट जोर) देणारे. मायक्रोसोम बसवायला एक लाख जी लागतात. नळीच्या तळाशी दुधी पुसटसा ठिपका दिसला, तो बहुधा तंतुकणिकांचा असावा.