चेहऱ्याची कॉस्मेटिक सर्जरी करायचीय? आधी हे वाचा, मग तारखेचं बघू

नमस्कार. दादर स्टेशनपासून चालत येण्यासारखं आमचं छोटं क्लिनिक आहे आणि फोन करणाऱ्यांचा बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न असतो, "नाकाचे किती घेता?" रेट सांगतो आम्ही, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण रेटच्या आधी जे बोलायला हवं ते फोनवर बोलून होत नाही, म्हणून हे पत्रक काढलंय. घरी न्या, सावकाश वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिल्या भेटीत आम्ही ऑपरेशनची तारीख देत नाही आणि अ‍ॅडव्हान्सही घेत नाही. मधे निदान दोन-तीन आठवडे जाऊ देतो, परत भेटतो, तेव्हाही तुमचं मन तेच सांगत असेल तर पुढे जायचं. काही लोकांना याचा राग येतो, म्हणतात सुट्टी टाकून आलोय, आजच ठरवून टाका ना. पण चेहरा आहे हा, पोटावरची खूण शर्टाखाली जाते, नाकावरची कुठे लपवणार?

नक्की काय खटकतंय ते बोट ठेवून सांगता येतंय का

पहिल्या भेटीत आम्ही हातात आरसा देतो आणि म्हणतो, दाखवा. "कसंतरीच दिसतं", "फोटोत चांगली येत नाही" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. "बाजूने बघितलं की इथे हाडाचा उंचवटा दिसतो" किंवा "कानाची भोकं ओघळलीत, कुड्या घालता येत नाहीत" असं सांगता आलं तर आम्हालाही सांगता येतं की यातलं किती होईल आणि किती होणार नाही. पुष्कळदा मुलीबरोबर आई आलेली असते आणि आरसा मुलीच्या हातात असला तरी बोलत असते आईच, "हिचं नाक जरा बसकं आहे ना, दोन स्थळं तशीच गेली", आणि मुलगी आरसा मांडीवर पालथा ठेवून मोबाईलच्या कव्हरशी चाळा करत बसलेली. अशा वेळी आम्ही काकूंना बाहेर बसवतो, चहा देतो आणि मुलीशी एकटीशी बोलतो. तिला स्वतःला नको असेल तर आम्ही करत नाही, मग कोणी कितीही आग्रह करो. स्थळासाठी, नवरा बोलतो म्हणून, ऑफिसात कोणी चिडवलं म्हणून, नुकतंच काहीतरी मोडलंय आणि सगळंच बदलून टाकावंसं वाटतंय म्हणून, या कारणांनी आलेल्यांना आम्ही थांबाच म्हणतो. नवीन नाकाने जुनं नातं परत येत नाही आणि मग सगळा राग त्या नाकावर निघतो.

अजून एक नाजूक गोष्ट. काही जण दिवसातले तास न् तास आरशासमोर एकाच जागेकडे बघत बसतात, फोटो काढतात, झूम करतात, लोकांत जायचं टाळतात आणि बाकीच्यांना मात्र त्या जागी काही दिसतही नाही. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. हा खरा आजार आहे, नखरे नाहीत. यात ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी समाधान सहसा होत नाही, मन दुसऱ्या जागी जाऊन अडकतं. आम्हाला तसं वाटलं तर आम्ही आधी सायकिअ‍ॅट्रिस्टला भेटायला सांगतो, प्लीज वाईट वाटून घेऊ नका, यावर चांगले उपचार आहेत आणि माणूस मोकळा होतो.

आणि सेल्फी बघून नाकाबद्दल काहीही ठरवू नका. कॅमेरा जवळ असला की जी गोष्ट पुढे असते ती मोठी दिसते आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाकच असतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली याचा हिशोब मांडून दाखवला होता, 12 इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं, पाच फुटांवरून हा फरक जवळपास राहत नाही. त्यामुळे घरातल्या कोणाला तरी पाच फूट लांब उभं करून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या आणि फिल्टर न लावता बघा. त्यानेच काही जणांचा विचार बदलतो आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे.

वय किती आहे हेही बघायला लागतं. नाकाची वाढ पूर्ण व्हायला मुलींना 15-16 आणि मुलांना 17-18 वर्षं लागतात, त्याआधी फक्त दिसण्यासाठी नाकाला हात लावू नये. बाहेर आलेले कान मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलाचेही करता येतात, पण मुलाला स्वतःला त्याचा त्रास होत असेल तरच. आणि हल्ली विशी-बाविशीतली मुलं गालातली चरबी काढायची म्हणून येतात, जॉलाईन हवी असते. वय वाढेल तशी गालातली चरबी आपोआप कमी होते आणि काढलेली परत येत नाही, चाळिशीनंतर चेहरा ओढलेला दिसू शकतो. आमचं मत विचाराल तर एवढ्या लहान वयात नकोच.

डॉक्टर कोण, जागा कुठली

एमबीबीएस, मग एमएस जनरल सर्जरी, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, हा प्लास्टिक सर्जनचा रस्ता आहे आणि तो लांब आहे. नाकाची ऑपरेशनं ईएनटी सर्जनही करतात, जबड्याची मॅक्सिलोफेशियल सर्जन करतात, ते शिकलेलेच असतात. पण "कॉस्मेटॉलॉजिस्ट" अशी पाटी बघून फसू नका, कारण त्या शब्दामागे नेमकं काय शिक्षण आहे हे पाटीवरून कळत नाही. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर नाव टाकून बघा. डॉक्टरांना राग येईल का? चांगल्या डॉक्टरला येत नाही, आम्हाला तर अजिबात येत नाही, नंबर केसपेपरवरच छापलाय. मग विचारा की हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की दुसरं कोणी, भूल द्यायला अ‍ॅनेस्थेटिस्ट पूर्ण वेळ हजर असणार का, जिथे करणार त्या नर्सिंग होमचं बीएमसीचं रजिस्ट्रेशन आहे का, आणि काही कमी-जास्त झालं तर आयसीयू कुठलं. आमच्याकडे स्वतःचं आयसीयू नाही, म्हणून पूर्ण भूल लागणारी ऑपरेशनं आम्ही मोठ्या हॉस्पिटलच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) करतो, खर्च थोडा वाढतो पण आम्ही त्यात तडजोड करत नाही.

पार्लरमध्ये किंवा कोणाच्या फ्लॅटवर जाऊन फिलर, म्हणजे ओठ-गाल भरदार करायचं इंजेक्शन, भरून घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतोय. सुईच आहे, ऑपरेशन थोडीच आहे असं वाटतं, पण फिलर रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते आणि क्वचित कायमची नजरही जाते. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं हायल्युरॉनिडेज नावाचं इंजेक्शन असतं, ते हाताशी आहे का आणि ते वापरता येणारा डॉक्टर समोर आहे का, एवढं तरी विचाराच. स्वस्तातल्या सेशनमध्ये कुपी कुठली, कधी उघडलेली, हे कोण दाखवतं?

पैशाचं

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात काय काय धरलंय ते एकेक विचारा, सर्जनची फी, ओटी, अ‍ॅनेस्थेशिया, टेस्ट, औषधं, नंतरच्या भेटी. फक्त दिसण्यासाठी केलेल्या सर्जरीवर जीएसटी लागतो, तो धरलाय का ते बघा, नाहीतर बिल हातात आल्यावर धक्का बसतो. आणि पुन्हा थोडं दुरुस्त करायची वेळ आली, जी चांगल्या हातूनही कधीकधी येते, तर तेव्हा पैसे कोण भरणार हे आधीच लिहून घ्या. मेडिक्लेम फक्त सौंदर्यासाठीच्या सर्जरीला मिळत नाही. कर्ज काढून, ईएमआय बांधून घेऊन करू नका असं आमचं म्हणणं आहे, एक वर्ष पैसे साठवा, तेवढ्यात विचारही पक्का होतो.

पण अपघात, भाजणं, कॅन्सर, जन्मतः व्यंग असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जीएसटी लागत नाही आणि मेडिक्लेमही साधारणपणे मिळतो, जन्मतः व्यंगाचं मात्र पॉलिसीत आधी बघून घ्या. ही सर्जरी आपल्याकडे जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून नवीन नाक करून दिलं होतं, त्याची माहिती 1794 साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली आणि कपाळाच्या कातडीची ती पद्धत आजही वापरतात. असं काही असेल तर आमच्याकडे यायच्या आधी केईएम, सायन, नायर किंवा जेजेच्या प्लास्टिक सर्जरी विभागात दाखवा, तिथे अशा केसेस रोज होतात आणि खर्च खूप कमी येतो. बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असेल तर स्माईल ट्रेन या संस्थेच्या मदतीने बऱ्याच हॉस्पिटलांत ऑपरेशन मोफत होतं.

लग्नाची तारीख आणि नाकाची तारीख

यावर जरा जास्त लिहितोय कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि गणपतीनंतर आमचा फोन वाजायला लागतो, डिसेंबरमध्ये लग्न आहे, नाक करून द्या. नाकाचं ऑपरेशन झाल्यावर साधारण आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, असतो, डोळ्यांखाली काळंनिळं होतं ते जायला दहा-पंधरा दिवस लागतात. स्प्लिंट काढतो त्या दिवशी बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण नाक सुजलेलं, शेंडा वर उचललेला, कातडी तेलकट आणि घट्ट, आणि मनात धरलेलं नाक हे नसतंच. ती सूज उतरायला महिने लागतात, शेंड्याची तर वर्षभर रेंगाळते, आणि आपल्याकडे नाकाच्या शेंड्याची कातडी बऱ्याच जणांची जाड असते त्यामुळे अजूनच हळूहळू. म्हणून दुरुस्तीचं ऑपरेशनही वर्ष झाल्याशिवाय करत नाहीत. चार-सहा आठवडे चष्म्याचा भार नाकावर नको, चष्मा असेल तर लेन्सची सोय आधी करून ठेवा. नथ टोचायची असेल तर बरेच महिने थांबायचं, आणि दाबाची नथसुद्धा आम्ही विचारल्याशिवाय लावायची नाही, नवरीला हे फार जड जातं पण हाड आणि कूर्चा जागेवर बसेपर्यंत दाब चालत नाही. आणि लोकल! सकाळची विरार फास्ट किंवा कल्याण फास्ट पकडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गर्दीत कोपर कुठून येऊन लागेल सांगता येत नाही. निदान महिना-दीड महिना गर्दीच्या वेळी प्रवास नको, ऑफिसात आधीच बोलून वर्क फ्रॉम होम किंवा वेळ बदलून मिळतेय का बघा. लग्नाच्या वर्षभर आधी या, जमत नसेल तर लग्नानंतर करा, लग्नाच्या फोटोत तुमचं आत्ताचं नाक असलं तरी काही बिघडत नाही.

पापण्यांचं त्यामानाने लवकर आटोपतं, टाके पाच-सात दिवसांत निघतात. फेसलिफ्टला, म्हणजे सैल पडलेली चेहऱ्याची कातडी ओढून घट्ट करायच्या ऑपरेशनला, दोन-तीन आठवडे तरी घरी धरा.

आपल्या रंगाच्या कातडीवर जखमेचा डाग काळपट पडायची शक्यता जास्त असते, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात फिरायचं काम असेल तर ऑपरेशन पुढे ढकला, आणि सनस्क्रीन पावसाळ्यातही लावायचं. कान टोचल्यावर गाठ आली होती, लसीच्या जागी खूण फुगून वर आलीय, असं तुम्हाला किंवा घरात कोणाला झालं असेल तर ते केलॉईड असू शकतं, ते पहिल्याच भेटीत सांगा, काही ऑपरेशनं त्यामुळे नको म्हणावी लागतात.

काय काय सांगायचं, काय बंद करायचं

सिगरेट, तंबाखू, मिश्री, ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त पोचत नाही आणि फेसलिफ्टमध्ये तर कातडी काळी पडून गळू शकते. मिश्रीचं लोक सांगत नाहीत, विशेषतः सासूबाई सोबत असतील तर, म्हणून आम्ही एकटं असतानाच विचारतो आणि ते आमच्यातच राहतं. इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करायची कुठलीही गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑईल, व्हिटॅमिन ई, पिंपल्ससाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या, काढे, सगळं सांगा.

भुलेच्या आधी सहा तास काही खायचं नाही, तळलेलं किंवा जड जेवण झालं असेल तर आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा खाण्यातच धरतात, अर्धा कप प्यायलात तरी ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं आणि ते आम्ही ढकलतोच.

सहीचा कागद मराठीत मागा, वाचा, कळलं नाही तिथे थांबवा. एका ऑपरेशनला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, जिवावर बेतलं असेल तर वेगळं, हे सुप्रीम कोर्टाने 2008 मध्येच सांगितलंय, त्यामुळे नाकासाठी सही केली आणि आत गेल्यावर हनुवटीही करून टाकली असं कोणी करू शकत नाही. फोटो आम्ही रेकॉर्डसाठी काढतो. ते इन्स्टावर टाकायचे की नाही याची सही वेगळी आहे, आणि नाही म्हणालात म्हणून रेट बदलत नाही.

पहिल्या भेटीला येताना मेकअप नको, चष्मा, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि पाच फुटांवरचे ते फोटो आणा. घरातलं एक माणूस बरोबर आणा, जे शांतपणे ऐकून घेईल असं. आणि टिकलीच्या गमाने कपाळावर खाज किंवा पांढरा डाग येत असेल तर तेही सांगा, कारण ऑपरेशननंतर नाकावर चिकट टेपच लावायचा असतो, मग आम्ही दुसरा मागवून ठेवतो.