लांबच्या प्रवासात गाडीतला आवाज शोधणे

चालत्या गाडीत मधेच सुरू झालेला अनोळखी आवाज कशाचा आहे आणि तसंच पुढे जाता येईल का, हे गॅरेज गाठायच्या आधी रस्त्यावरच ठरवणं म्हणजे आवाज शोधणं. आवाज कुठून येतोय यापेक्षा तो कशाबरोबर बदलतोय हे बघावं, कारण पत्र्यातून आवाज फिरतो आणि मागच्या चाकाचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो.

आधी डिकी बघायची. जॅक, पाना, स्टेपनी सैल असली की खड्ड्यात भरपूर खडखडतात, आणि वरच्या कॅरियरची शिट्टी फक्त वेगातच वाजते.

मग सपाट मोकळ्या रस्त्यावर 60 च्या स्पीडला एकदा चौथा गिअर, एकदा पाचवा. स्पीड तोच असून आवाज बदलला तर तो इंजिनकडचा, तसाच राहिला तर चाकांकडचा. काहीजण यासाठी गाडी न्यूट्रल करतात, पण घाट उतरताना हे अजिबात करू नका, सगळा भार ब्रेकवर येतो.

चाकांकडून स्पीडबरोबर वाढणारी घूंऽऽ ऐकू आली की बहुतेकांना बेअरिंगचीच (चाक ज्यावर फिरतं तो भाग) शंका येते, पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारख्या काँक्रीटवर चांगले टायरही घुमतात, म्हणून डांबर लागेपर्यंत थांबा, रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. तसाच राहिला तर लांब वळणावर कान द्या, उजव्या वळणावर वजन डाव्या चाकांवर जातं, तिथे घूं वाढली तर डावं बेअरिंग असायची शक्यता जास्त.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली तर सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा सांधा), स्पीडब्रेकरवर खडखड आली तर बऱ्याचदा सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश (जोडातला रबरी भाग). हे जवळच्या मिस्त्रीपर्यंत सहसा हळूहळू नेता येतं. कच्च्या रस्त्यानंतर अचानक कर्रर्र सुरू झालं तर बऱ्याचदा ब्रेक डिस्कजवळ खडा अडकलेला असतो, थोडं रिव्हर्स घेतलं की कधीकधी पडतो. पण ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल तर पॅड संपलेत, घाटात गाडी घालूच नका.

इंजिनची टकटक आणि सोबत ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद करायची, पुढचा पंपही गाठायचा नाही. आणि पंक्चर काढल्यानंतर ठकठक सुरू झाली तर लगेच थांबून चाकाचे नट बघा. आवाज नसला तरी 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत.