ग्रामदान : ग्राममंडळ आणि सभासदांच्या जमिनीवरील अधिकार

ग्रामदान म्हणजे गावातल्या जमीनधारकांनी आपल्या शेताची मालकी राजीखुशीने गावाच्या नावे करून देणे आणि ते शेत कसण्याचा, त्यातले पीक घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणे. मालकी ज्या संस्थेकडे जाते तिला महाराष्ट्राच्या कायद्यात ग्राममंडळ म्हणतात. ग्रामदानात राहणारी गावातली सगळी प्रौढ माणसे, बाई असो की बाप्या, त्या मंडळाची सभासद असतात. विदर्भात या पद्धतीचे नाव निघाले की पहिल्यांदा आठवते ते गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव. २०१३ मध्ये या गावाने आपली शेतजमीन ग्रामदानात देण्याचे ठरवले.

‘दान’ या शब्दाने पुष्कळ घोटाळा होतो. वावर गेले, आता मंडळ सांगेल तेच पेरायचे, अशी भीती ग्रामदानाची गोष्ट निघालेल्या गावांत हमखास असते. प्रत्यक्षात दान होते ते मुख्यतः विकण्याच्या हक्काचे. नांगर ज्याचा होता त्याचाच राहतो, धुरा (शेताचा बांध) आहे तिथेच राहतो आणि धानाची बांधी (भाताचे शेत) बापाकडून पोरांकडे जाते. शेत गावाबाहेरच्या माणसाला विकता येत नाही, सावकाराकडे गहाण टाकता येत नाही, आणि गावातल्याच पण ग्रामदानात न आलेल्या माणसालाही देता येत नाही. ग्रामदानातल्याच कोणाला द्यायचे असेल तर मंडळाची संमती लागते.

कल्पनेचे मूळ विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली इथे पहिले भूदान मिळाले आणि पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातले मंगरोठ हे अख्खे गाव दानात आले. विनोबांचा मुक्काम वर्धा जिल्ह्यात पवनारला, धाम नदीच्या काठी. त्यामुळे विदर्भाला ही चळवळ घरची होती. सुरुवातीच्या ग्रामदानात सगळी जमीन एकत्र करून नव्याने वाटायची अपेक्षा होती. ती फार थोड्यांना झेपली. म्हणून १९६० नंतरच्या दशकात ‘सुलभ ग्रामदान’ पुढे आले. मालकी गावाची, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी, बाकीचे एकोणीस हिस्से देणाऱ्याकडेच कसायला, आणि पिकाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोशात, म्हणजे गावाच्या सामाईक निधीत. मणाचे चाळीस शेर, म्हणून या शेवटच्या अटीला ‘मणामागे शेर’ म्हणत. आजच्या हिशेबात ते अडीच टक्के होतात.

भूदान आणि ग्रामदान एकच समजले जातात, पण दोन्हींची कागदपत्रे वेगळी आहेत. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असल्याने इथल्या भूदानाच्या जमिनींना १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागू झाला. त्यात एकेक तुकडा एकेका भूमिहीनाला मिळाला. ग्रामदानात मात्र अख्खे गाव एक धारक होते, आणि त्यासाठी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ हा वेगळा कायदा आहे.

या कायद्याप्रमाणे गाव ग्रामदानी ठरायला किमान ७५ टक्के जमीनधारकांनी आपली जमीन द्यावी लागते आणि ती गावातल्या जमिनीच्या किमान ६० टक्के भरावी लागते. प्रत्येकाने स्वतःचे लेखी घोषणापत्र द्यायचे असते. त्याची सरकारी चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात, आणि नंतर राजपत्रात अधिसूचना निघते. अधिसूचनेनंतरच ग्राममंडळाला कायद्याने अंग येते. जो ग्रामदानात येत नाही त्याची मालकी जशीच्या तशी राहते. शेजारच्यांनी हात वर केले म्हणून त्याचे शेत मंडळाकडे जात नाही. ही तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते. आपल्या मालमत्तेवर दुसऱ्याचा अधिकार मान्य करणे ही ज्याची त्याने सही करून सांगायची गोष्ट आहे.

मंडळाचा अधिकार कुठवर चालतो हे समजायला तालुक्याच्या गावांतल्या गृहनिर्माण सहकारी संस्थांशी तुलना करून पाहावी. तिथेही भूखंड किंवा इमारत संस्थेच्या नावे असू शकते आणि सभासदाकडे भाग व वापराचा हक्क असतो. त्या संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि नोंदणीकृत उपविधी यांवर चालतात. २०१९ मध्ये त्या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरणही घातले गेले. उपविधी दोन-तृतीयांश मतांनी बदलतात, पण निबंधकाने नोंदवल्याशिवाय बदल लागू होत नाही. घर विकताना संस्था मनाला येईल तेवढे हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावे करण्याची रक्कम, मागू शकत नाही. सरकारने २००१ मध्ये घातलेली कमाल मर्यादा महानगरपालिका हद्दीत २५,००० रुपये आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,००० रुपये आहे. म्हणजे गृहनिर्माण संस्थेत विक्री हा सभासदाचा हक्क धरून चालतात आणि संस्थेच्या अडवणुकीला बांध घालतात. ग्रामदानात नेमके उलटे आहे. विक्री अडवण्यासाठीच तर मंडळ उभे राहते.

याचे कारण गावात शोधावे लागते. आजारपण, लग्न किंवा दोन वर्षांची नापिकी यांत पहिल्यांदा जमीन जाते, आणि ती गावाबाहेरच्या माणसाकडे जाते. आदिवासींच्या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांचे संरक्षण आहे. बिगर आदिवासीला हस्तांतर करायचे तर सरकारी परवानगी लागते. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्यानेही जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार दिला आहे. तरी परवानगी देणारा अधिकारी दूर जिल्ह्याला बसतो. ग्रामदानात हीच परवानगी त्या माणसाला लहानपणापासून ओळखणाऱ्या लोकांनी द्यायची असते.

मेंढ्यात हे आधीपासून रुजले होते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या सभेला जातो. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट चालले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ग्रामदानाचा ठराव त्यानंतरचा आहे. जंगल एकत्र सांभाळून झाल्यावर त्यांनी शेतीकडे पाहिले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. बहुमताच्या जोरावर चालणाऱ्या गावात हाच कायदा लावला तर अल्पमतातल्या कास्तकाराला संमतीसाठी कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील याचा विचार आधी व्हायला हवा.

गावाच्या पडीक जमिनी, चराई, सरपण, माती, मसणवट यांचे हक्क ग्रामदानाच्या कागदात शोधू नयेत. ते जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खालच्या निस्तार पत्रकात, आणि दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी वा मासेमारी यांचे रिवाज कलम १६५ खालच्या वाजिब-उल-अर्जात लिहिलेले असतात. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी गावांत हे दोन्ही कागद जुने आहेत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाचा तंटा निघाला की आजही कामी येतात.

अडचणीही खऱ्या आहेत. मालकी मंडळाची असल्याने जमीन तारण ठेवून कर्ज काढण्याची वाट एकट्या शेतकऱ्यासाठी अरुंद होते. घोषणापत्रे भरून झाली पण चौकशी आणि अधिसूचना झालीच नाही, म्हणून चळवळीच्या काळातली कितीतरी ग्रामदाने कागदावरच विरली. आसामने तर २०२२ मध्ये आपले ग्रामदान आणि भूदान कायदेच रद्द केले. मेंढ्यालाही ठरावानंतर अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले.

वारसाचा प्रश्न गावात सर्वांत जास्त विचारला जातो. बाप गेल्यावर कसण्याचा हक्क वारसांना मिळतो. पण बापाने सोडलेला विक्रीचा हक्क त्यांच्याकडे परत येत नाही, आणि शहरात नोकरीला गेलेल्या मुलालाही आपला हिस्सा बाहेरच्याला विकून मोकळे होता येत नाही. म्हणून घोषणापत्रावर सही करण्याआधी ही गोष्ट घरातल्या मुलामुलींसमोर बोलून घ्यावी लागते.