स्वल्पविराम म्हणजे दम खायची जागा नाही

नववी-दहावीच्या मुलांना अजूनही सांगतात की वाचताना दम घ्यायला थांबाल तिथे स्वल्पविराम टाका. चूक आहे हे. प्राचीन ग्रीकमध्ये ठिपके मोठ्याने वाचताना थांबण्यासाठी असायचे हे खरंय, पण मराठीत ही विरामचिन्हं १९व्या शतकात इंग्रजीवरून आली, मराठी कोशकार असलेल्या मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने रुजवली, आणि ती चालतात अर्थावर. "सर, या ना" म्हणताना कोण थांबतं? तरी स्वल्पविराम लागतोच!

मुलांकडून हे करून घ्या, आधी "दार उघडलं, आत कोणीच नव्हतं" आणि मग "दार उघडलं. आत कोणीच नव्हतं." शब्द तेच पण पूर्णविरामाने दुसरं वाक्य एकटं पडतं आणि वाचणाऱ्याला धस्स होतं, हे मुलांना लगेच कळतं.