नशेचा कायदा आणि मेंदूतला श्वास

हिवाळा लागला की शिरपूर तालुक्यातली एक बातमी ठरलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या आडोशाने लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, ढीग केला, पंचनामा झाला. तुरीचा आडोसा सोयीचा असतो, कारण ती पुरुषभर वाढते आणि शेंगा भरेपर्यंत उभी राहते. शिवाय लांबून ते पान अंबाडीसारखे दिसते. अंबाडीच्या एका जातीचे शास्त्रीय नावच मुळी ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ आहे. बातमी आली की टपरीवर दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे, पिकवणारा, विकणारा, ओढणारा, सगळ्यांना आत टाका. दुसरा पक्ष अहिराणीत निकाल देतो, “झाडपाला शे तो, त्यानी काय व्हस?”

झाडपाला तर धोतराही आहे, आणि तो खाऊन माणसे मरतात. मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने पिकणारी अफूही झाडच. महाशिवरात्रीला भांग घेतली की ती प्रसाद होते आणि चढत नाही, असे सांगणारे भेटतात; रेणूला तिथी कळत नाही. पण ‘ड्रग्ज’ नावाच्या एकाच पोत्यात सगळे कोंबून सरसकट शिक्षा मागणारेही तितकेच चुकतात.

आधी दोन प्रश्न वेगळे करू. कायदेशीर करणे म्हणजे पिकवायला आणि विकायला परवाना देणे. गांजाच्या बाबतीत हे उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने केले, कॅनडाने २०१८ मध्ये. गुन्ह्यातून वगळणे म्हणजे विक्री गुन्हाच ठेवायची, पण स्वतःपुरती नशा जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगात धाडायचे नाही. पोर्तुगालने २००१ पासून हे सर्वच अमली पदार्थांसाठी केले. दहा दिवसांच्या वापराइतका साठा सापडला तर माणूस न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जातो आणि समिती त्याला उपचाराकडे वळवू पाहते.

गांजाचे शरीरातले काम थोडक्यात सांगतो. त्यातला टीएचसी हा रेणू मेंदूपेशींवरच्या सीबी-१ नावाच्या ग्राहींवर, म्हणजे ठरावीक रेणू बसण्याच्या जागांवर (रिसेप्टर), बसतो. हे ग्राही स्मृती, भूक, वेळेचे भान, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागांत दाट आहेत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र ते विरळ आहेत. म्हणून गांजाच्या अतिसेवनाने घबराट होते, उलट्या होतात, गाडी झाडावर जाते, पण श्वास बंद पडून मरण येत नाही. याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नव्हे. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत, विशेषतः जहाल वाण ओढणाऱ्यांत, मनोविकाराचा धोका वाढतो.

आता अफूकडे येऊ. मॉर्फिन, हेरॉइन, म्हणजे आपल्याकडची ब्राऊन शुगर, खोकल्याच्या सिरपमधले कोडीन आणि महामार्गावर ट्रकमध्ये सापडणारा डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, हे सगळे एकाच घराण्यातले. यांचे ग्राही वेगळे, नाव म्यू. ते नेमके मेंदूच्या देठात, श्वासाचा ठेका धरणाऱ्या पेशींच्या पुंजक्यावरही असतात. या पुंजक्याला प्री-बॉट्झिंगर म्हणतात. त्याच्या शेजारच्या भागाला एका परिषदेत जेवणाच्या टेबलावर असलेल्या जर्मन वाइनच्या बाटलीवरून बॉट्झिंगर हे नाव दिले गेले, त्यावरून हे आले. शास्त्रज्ञांनाही दारू सुचते ती अशी.

श्वास रोखून धरला की जीव कासावीस होतो, तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्त किंचित आम्ल होते, देठातल्या संवेदक पेशी ते टिपतात आणि ठेका वाढवा असा निरोप धाडतात. अफूवर्गीय रेणू म्यू ग्राहीवर बसला की पेशीच्या आतल्या जी-प्रथिनाकरवी पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात. धनभारित पोटॅशियम बाहेर पडतो, पेशीचे विद्युतदाब-अंतर वाढते आणि ती सहजी पेटत नाही. सीएएमपी हा निरोप्या रेणूही कमी होतो. ठेका मंदावतो, आणि वाईट म्हणजे वाढत्या कार्बन डायऑक्साइडची कासाविशीही बोथट होते. माणूस गुदमरतो, पण गुदमरल्याचे त्याला कळत नाही. नॅलोक्सोन हे औषध त्याच ग्राहीवरून अफूला हुसकावते आणि काही मिनिटांत श्वास परततो. त्याचा अंमल मात्र तासा-दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णालय टळत नाही.

रोज घेणाऱ्याच्या पेशी या माऱ्याला जुळवून घेतात. ग्राहींवर फॉस्फेटचे गट चिकटतात, अरेस्टिन नावाचे प्रथिन त्यांना निष्प्रभ करते, काही ग्राही पेशीच्या पोटात ओढले जातात. परिणामी तोच डोस कमी लागू पडतो आणि माणूस मात्रा वाढवतो. सवय मोडली की ग्राही परत जागेवर येतात. रोज ठेचा खाणारा जळगावकर चार वर्षे बाहेर राहून आला की त्याच ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी येते, तसेच हे. फक्त इथे पणाला श्वास लागलेला असतो.

याहून मोठी गंमत १९८२ मध्ये सिगेल हे मानसशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवली. हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला. सवयीच्या खोलीत दिला तेव्हा सुमारे ३२ टक्के मेले, अनोळखी खोलीत ६४ टक्के. सवयच नसलेल्यांतले ९६ टक्के गेले. डोस तोच, खोली बदलली आणि मरण दुप्पट झाले. ओळखीच्या जागेच्या खुणा दिसताच शरीर नशेच्या उलट दिशेची तयारी आधीच करून ठेवते. अनोळखी जागी ती तयारी होत नाही.

आता हे तुरुंगाशी जोडा. आत सवय मोडते, सुटल्यावर जागा बदललेली असते आणि हाताला जुनाच डोस आठवतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या सुमारे ३० हजार लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. नशा करणाऱ्याला ‘धडा शिकवण्या’साठी आत टाकणे म्हणजे या जीवशास्त्राच्या तोंडी देणे.

आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा ग्रॅमवर चालतो. जवळचा माल ‘अल्प प्रमाणा’त बसला तर शिक्षा सौम्य, त्यावर गेला तर कडक. अल्प प्रमाण म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत. इथवर रेणूंतला फरक त्याला कळलेला दिसतो. पुढे मात्र वजन मिश्रणासकट धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते ग्राह्य ठरवले. मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकले जाणारे अल्प्राझोलाम हे घबराटीवरचे गुंगीचे औषध घ्या. अल्प प्रमाणाची मर्यादा ५ ग्रॅम. गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम आणि त्यात औषध अर्धा मिलिग्रॅम धरले, तर शुद्ध औषधाच्या हिशेबाने १० हजार गोळ्या लागतील. मिश्रणाच्या हिशेबाने ५० गोळ्यांतच मर्यादा गाठली. बाकी सगळे वजन स्टार्चचे. शिवाय ही गोळी रोज भरपूर घेणाऱ्याची एकदम तोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो, आणि कोठडीत ती एकदमच तुटते.

मग सगळे मोकळे करायचे? नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा काढल्या, पण उपचारांची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही. त्यातच फेंटानिल हे अतिजहाल कृत्रिम अफूवर्गीय औषध आले आणि २०२४ मध्ये कायदा फिरवावा लागला. गांजाची दुकाने काढावीत असेही मला वाटत नाही. विक्रेत्याला जहाल माल खपवण्यात रस असतो, हे आपण दारूत पाहिले आहे. वापरणाऱ्याला तुरुंगातून वगळावे, एवढेच माझे म्हणणे. कलम ६४-अ प्रमाणे स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट मिळू शकते, पण बसस्टँडवरच्या ‘न कळत नशा सोडवा’ पुड्यांइतकी त्याची जाहिरात होत नाही. त्या पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असले आणि वर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, ते वेगळेच.

सर्वांत निकडीचा बदल मात्र छोटा आहे. श्वास थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात १०८ ला फोन करू शकतो तो बरोबर बसलेला मित्र, आणि पोलिसांच्या भीतीने पहिला पळतो तोच. कॅनडाने २०१७ मध्ये अशा फोन करणाऱ्याला आणि रुग्णाला नशा जवळ बाळगल्याच्या आरोपातून संरक्षण दिले. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. धुळ्याजवळ महामार्गावर अपघातग्रस्ताला उचलणाऱ्याला त्याने संरक्षण मिळते. त्याच महामार्गावरच्या ढाब्यामागे मित्राचा श्वास थांबला म्हणून फोन करणाऱ्यासाठी एनडीपीएस कायद्यात असे कलम नाही.